एका ठिपक्यातले दोन तारे : सहजीवी ताऱ्यांचा मागोवा कसा घ्यावा

सहजीवी तारा दुर्बिणीतून एकच दिसतो. दुर्बीण कितीही मोठी आणा, आयपीस कितीही शक्तीचा लावा, ठिपका एकच राहतो. तरी त्या ठिपक्यात दोन तारे नांदत असतात आणि ते दोन आहेत हे आपल्याच वहीतल्या नोंदींवरून दाखवता येतं. हौशी निरीक्षकाच्या हातात याहून समाधान देणारं काम मला तरी दुसरं माहीत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची डॉब्सोनियन दुर्बीण, १०×५०चा बायनॉक्युलर आणि एक जाड वही एवढ्यावर मी हे करत आले आहे. कॅमेरा आणि वर्णपटाची जाळी नंतर आली. सांगतेही त्याच क्रमानं.

आधी जोडीची ओळख. एक असतो लाल राक्षसी तारा. आयुष्याच्या उतारावरचा, फुगत फुगत सूर्याच्या शंभरपट किंवा त्याहून रुंद झालेला, पृष्ठभागाचं तापमान जेमतेम ३,००० ते ४,००० केल्विन. दुसरा बहुतेक जोड्यांत श्वेत बटू असतो. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या तोडीचं आणि तापमान लाखाच्या घरात. राक्षसी ताऱ्याच्या अंगावरून वायू सतत सुटत राहतो. त्यातला थोडा बटूवर जाऊन पडतो आणि त्याच्या पृष्ठभागावर जळतो. बाकीचा वायू दोघांभोवती पसरलेला असतो, तो बटूच्या अतिनील प्रकाशानं आयनीभूत होऊन, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन गमावून, स्वतः चमकू लागतो. म्हणजे ठिपका एक, पण प्रकाश तीन : राक्षसी ताऱ्याचा तांबडा, बटूचा निळा-अतिनील आणि मधल्या तेजोमेघाचा, ठरावीक रंगांच्या रेषांमध्ये एकवटलेला. पुढचा सगळा खटाटोप हे तीन प्रकाश वेगळे ओळखण्यासाठी आहे.

शोधही असाच लागला. १९३२ साली पॉल मेरिल आणि मिल्टन ह्युमसन यांनी सीआय सिग्नी, आरडब्ल्यू हायड्री आणि एएक्स पर्सिई या तीन ताऱ्यांचे वर्णपट पुढे ठेवले. त्यांत थंड ताऱ्याच्या खुणा होत्या, शिवाय आयनीभूत हेलियमची रेषा होती. ३,००० केल्विनचा तारा हेलियमचा इलेक्ट्रॉन उडवू शकत नाही. त्याला कोणीतरी प्रखर शेजारी हवाच. सहजीवी हे नावही मेरिल यांनीच पुढे रूढ केलं. सन २००० मध्ये निघालेल्या यादीत असे १८८ तारे होते, संशयित ३० वेगळे. एवढ्या मोठ्या आकाशात ही संख्या तुटपुंजीच, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याच्या नोंदीला मोल आहे.

मोठी दुर्बीण का पुरत नाही, तेही एकदा आकड्यांत पाहून घ्या. २० सेंटिमीटरची दुर्बीण उत्तम हवेत सुमारे ०.६ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) अंतरावरचे दोन तारे वेगळे दाखवते. आर अ‍ॅक्वेरी ही सहजीवी जोड्यांमधली जवळची आणि ऐसपैस कक्षेची जोडी, पण तिच्यातलं अंतर चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं मोजलं तेव्हा सुमारे ०.०४५ आर्कसेकंद भरलं. बाकीच्या बहुतेक जोड्या याहून कितीतरी जवळ-जवळ आहेत. तेव्हा ताकदीचा नाद सोडायचा आणि रंग व काळ ही दोन साधनं हाती घ्यायची.

सुरुवात कोणत्या ताऱ्यांनी करावी

पहिला तारा म्हणून मी नेहमी ईजी अँड्रोमेडी सुचवते. देवयानी दीर्घिका सापडली की हा तारा सापडलाच. दीर्घिकेच्या गाभ्यापासून आग्नेयेला पाऊण अंशाच्या आत, तिच्या छोट्या सोबतीणीच्या, म्हणजे एम-३२च्या, जरा पुढे. प्रत, म्हणजे तेजाचं माप, साधारण ७.१ ते ७.८ च्या दरम्यान (आकडा मोठा तितका तारा मंद), त्यामुळे बायनॉक्युलरमध्ये दीर्घिकेच्या धूसर पट्ट्यासोबत एकाच दृश्यात येतो. दीर्घिकेकडे पाहणाऱ्या असंख्य लोकांनी तो नकळत पाहिलेला असतो. सहजीवी ताऱ्यांमध्ये हा फार शांत स्वभावाचा, याचे उद्रेक नोंदलेले नाहीत. ४८२ दिवसांत जोडी एक फेरी पूर्ण करते आणि तेज थोडंथोडं हलतं. डोळ्यांनी पाहताना त्यातून फारसं नाट्य मिळणार नाही. पण नकाशावरून तारा पक्का करणं, त्याचा तांबूसपणा हेरणं, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करणं, हे सगळं शिकायला इतकी सोपी जागा दुसरी नाही.

दुसरा सीएच सिग्नी. हंस समूहात थीटा सिग्नीच्या पश्चिमेला सुमारे २ अंश, जवळपास त्याच क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून तितक्याच अंतरावर. हा तारा मला सगळ्यांत जवळचा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो एम-६ वर्गाच्या राक्षसी ताऱ्यांचा प्रमाण नमुना म्हणून वापरात होता, म्हणजे इतर तारे ताडून पाहण्यासाठी याचा वर्णपट घेत. आणि १९६३च्या सुमारास त्याच प्रमाण ताऱ्याच्या वर्णपटात निळा प्रकाश आणि उत्सर्जन रेषा उगवल्या. १९८४मध्ये त्याचं तेज झपाट्यानं उतरलं आणि रेडिओ दुर्बिणींना त्यातून झोत निघताना दिसले. आजवर तो ५.६ पासून १० व्या प्रतीपर्यंत फिरलेला आहे. बायनॉक्युलर असला तर हा तारा सोडू नका.

झेड अँड्रोमेडी हा या कुळाचा आदर्श नमुना. लॅम्डा अँड्रोमेडीच्या उत्तरेला अडीच अंशांच्या आत सापडतो. शांत असताना साडेदहाच्या आसपास, मोठ्या उद्रेकात ८ व्या प्रतीपर्यंत. याला छोटी दुर्बीण लागते. एजी ड्रॅकोनिस उत्तरेला बराच वर, +६६ अंशांवर आहे. उत्तर गोलार्धातून तो वर्षाचा बराच काळ हाती लागतो, त्यामुळे आलेखात मोठी भगदाडं पडत नाहीत. आर अ‍ॅक्वेरी ओमेगा-२ अ‍ॅक्वेरीच्या दक्षिणेला पाऊण अंशावर. यातला लाल तारा मायरा जातीचा आहे, ३८७ दिवसांत तो फुगतो-आकसतो आणि ६ पासून १२ व्या प्रतीपर्यंत चढउतार करतो. त्याच्या जोडीची कक्षा ४४ वर्षांची आहे. टी कोरोना बोरिॲलिसबद्दल शेवटी सविस्तर बोलू.

एकदम सहाही तारे घेऊ नका. दोन घ्या, पण सोडू नका. मोसमभर नीट पाहिलेला एक तारा अधूनमधून पाहिलेल्या दहा ताऱ्यांपेक्षा जास्त शिकवतो.

लाल तारा डोळ्यानं मोजणं

इथे सावकाश वाचा, कारण सहजीवी ताऱ्याच्या नोंदी बिघडतात त्या इथेच.

पद्धत सगळ्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांसाठी एकच. एएव्हीएसओ ही १९११पासून चालत आलेली निरीक्षकांची संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की नकाशा तयार होतो. नकाशावर शेजारच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात आणि दशांश चिन्हाचा ठिपका ताऱ्यासारखा भासू नये म्हणून ते चिन्ह गाळलेलं असतं. ७४ म्हणजे ७.४, ८० म्हणजे ८.०. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे ध्यानात असू द्या. आपल्या ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन तुलना-तारे निवडा आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवा. समजा, एक ७४ आणि दुसरा ८०, आणि आपला तारा पहिल्यापासून दोनतृतीयांश अंतर खाली उतरलेला वाटला, तर ७.८ लिहा.

अडचण अशी की आपला तारा लाल आणि तुलना-तारे बहुधा पांढरे किंवा पिवळसर. अंधाराला सरावलेला डोळा दंडपेशींवर विसंबतो, त्या तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. टक लावून पाहत राहिलं की मात्र लाल ताऱ्याचा प्रकाश डोळ्यात साठल्यासारखा होतो आणि तो हळूहळू अधिकच तेजस्वी वाटायला लागतो. यालाच पर्किंजे परिणाम म्हणतात. तो किती फसवतो, हे कोणालाही पाच मिनिटांत पडताळता येतं. सीएच सिग्नी क्षेत्राच्या मधोमध आणा, दुसऱ्या क्षणाला अंदाज घ्या आणि लिहा. मग तसंच अर्धा मिनिट त्याच्याकडे एकटक पाहत राहा आणि पुन्हा अंदाज घ्या. दोन आकड्यांमध्ये सहज तीन-चार दशांशांचा फरक पडू शकतो. तारा तोच, रात्र तीच. ज्या ताऱ्याचा संपूर्ण वर्षाचा फेरफारच काही दशांशांचा आहे, त्याच्या नोंदीत एवढी चूक शिरली तर हाती काही उरत नाही.

म्हणून मी ठरवून असं करते. आयपीस किंचित फोकसबाहेर नेते, इतका की तारे बारीक टिकल्या होतील. टिकलीचा रंग फिका पडतो आणि तेजाची तुलना सोपी जाते. नजर आपल्या ताऱ्यावर थांबू देत नाही. तुलना-तारा, आपला तारा, दुसरा तुलना-तारा, अशी झरझर फिरवते आणि चार-पाच फेऱ्यांत निर्णय घेऊन मोकळी होते. तारा फार झगझगीत दिसत असेल तर दुर्बिणीचं तोंड पुठ्ठ्यानं अर्धवट झाकते किंवा सरळ बायनॉक्युलर उचलते. दुर्बिणीला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून दोन ते चार प्रतींनी तेजस्वी असलेला तारा मोजायला सगळ्यांत बरा. त्याहून तेजस्वी झाला की रंग अंगावर येतो, त्याहून मंद झाला की तो आहे की नाही इथूनच सुरुवात होते.

आणखी एक बारीक गोष्ट. क्षेत्रात खालच्या बाजूला असलेला तारा वरच्यापेक्षा तेजस्वी वाटण्याची सवय डोळ्याला असते. तेव्हा मान वाकवून दोन्ही तारे डोळ्यांच्या आडव्या रेषेत आणा आणि मग तुलना करा. तारा क्षितिजाजवळ असेल तर तुलना-तारेही त्याच उंचीवरचे घ्या, नाहीतर वातावरण एकाचा प्रकाश जास्त खाईल आणि दुसऱ्याचा कमी. पौर्णिमेच्या आसपास निळसर आभाळापुढे लाल तारा वेगळाच भासतो, त्या रात्रीच्या नोंदीपुढे चंद्राचा उल्लेख करा.

मागच्या वेळचा आकडा आधी पाहू नका, हे मी कळवळून सांगते. मागे ७.६ लिहिलं होतं हे आठवलं की डोळा ७.६ च पाहतो. मी प्रत्येक ताऱ्याला वहीत स्वतंत्र पान देत नाही त्याचं हेच कारण. रात्रीच्या क्रमानं सगळ्या ताऱ्यांच्या नोंदी एकाखाली एक लिहिते आणि ताऱ्यानुसार छाटणी दिवसा संगणकावर करते.

वहीत काय लिहायचं ते थोडक्यात : तारीख, जागतिक वेळ, प्रत, कोणते दोन तुलना-तारे, नकाशाचा क्रमांक, साधन आणि आभाळाची स्थिती. तारखेचं पुढे ज्युलियन दिनांकात रूपांतर करा. तो जागतिक वेळेच्या दुपारी १२ला बदलतो. १ जानेवारी २०००च्या दुपारी तो २४५१५४५ होता. दोन तारखांमधलं अंतर साध्या वजाबाकीनं निघावं, एवढ्याचसाठी तो हवा. संथ ताऱ्यांना आठवड्यातून एक नोंद भरपूर झाली.

आलेखात दोन तारे कसे दिसतात

नोंदी साठल्या की आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर प्रत, असा आलेख काढा. प्रतींचा आकडा वर जाताना कमी होत गेला पाहिजे, म्हणजे तेज वाढलं की रेघ वर जाईल. सहजीवी ताऱ्याच्या आलेखात तीन प्रकारच्या हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या करायच्या.

एक हालचाल लाल ताऱ्याच्या स्वतःच्या स्पंदनाची. आर अ‍ॅक्वेरीत ती ठळक, सीएच सिग्नीत सुमारे शंभर दिवसांची आणि अनियमित. दुसरी कक्षेची. झेड अँड्रोमेडीत ती सुमारे ७५९ दिवसांची आहे. बटूच्या बाजूचा आयनीभूत वायू आपल्यासमोर आला की तेज वाढतं, मागे गेला की घटतं. हा फरक अतिनील आणि निळ्या रंगात मोठा, तांबड्याकडे जाताना आटत जातो, कारण तांबड्या बाजूला राक्षसी ताऱ्याचाच उजेड इतका असतो की बाकीचं त्यात झाकलं जातं. नुसत्या डोळ्याच्या नोंदीत म्हणूनच तो जरा दबलेला सापडेल. तिसरी उद्रेकाची. तेज काही दिवसांत किंवा आठवड्यांत एक-दोन प्रतींनी चढतं आणि मग महिनोन् महिने रेंगाळत उतरतं.

कक्षेची हालचाल बाहेर काढायला नोंदी कालावधीवर दुमडाव्या लागतात. टी कोरोना बोरिॲलिसचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा कालावधी पक्का आहे : २२७.५७ दिवस. कोणताही एक प्रारंभ-दिनांक धरा. नोंदीच्या दिनांकातून तो वजा करा, २२७.५७ ने भागा आणि उत्तरातला पूर्णांक टाकून द्या. प्रारंभानंतर १००० दिवसांनी घेतलेली नोंद असेल तर भागाकार ४.३९ येईल, म्हणजे तिची कला, अर्थात फेरीतली जागा, ०.३९. सगळ्या नोंदींचं असं करून ० ते १ च्या पट्टीवर ठेवा आणि प्रत्येक दशांशातल्या नोंदींची सरासरी काढा. एकेका नोंदीत एक-दोन दशांशांची खोट असतेच, सरासरीत ती विरते.

तारा शांत असेल त्या काळातल्या पुरेशा नोंदी दुमडल्या की या ताऱ्यात एका फेरीत एक नव्हे, दोन उंचवटे दिसतात. कारण सुंदर आहे. बटूच्या गुरुत्वानं राक्षसी तारा ओढला जाऊन अंड्यासारखा लांबट झालेला आहे. फिरताना तो दोनदा आपल्याला आडवा दिसतो आणि दोनदा टोकाकडून. आडवा असताना पृष्ठभाग जास्त दिसतो, तेज जास्त. ज्या शेजाऱ्याला कोणत्याही आयपीसमध्ये आपण पाहू शकत नाही, त्याची ओढ आपल्याच नोंदींच्या आलेखात दोन उंचवट्यांच्या रूपानं समोर येते. हा आलेख स्वतःच्या नोंदींचा निघाला तेव्हा मी तो कितीतरी वेळ नुसता पाहत बसले होते. आपल्या नोंदी कमी असतील तर एएव्हीएसओच्या साठ्यातून इतरांच्या उतरवून घ्या आणि त्यावर हात बसवा. सगळ्यांसाठी त्या खुल्या आहेत.

आर अ‍ॅक्वेरीला मात्र धीर धरावा लागतो. दर ४४ वर्षांनी बटू आणि त्याच्याभोवतीची वायूची चकती लाल ताऱ्यासमोरून सरकते आणि काही वर्षं मायराचे उत्कर्ष मंदावतात. १९२८ ते १९३४ आणि १९७४ ते १९८० या काळातल्या नोंदींत ते स्पष्ट आहे. एका माणसाच्या वहीत हे मावणारं नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी एका जागी ठेवण्याचा उपयोग इथे कळतो.

कॅमेरा आणि फिल्टर

कॅमेरा घेणार असाल तर दोन फिल्टर घ्या, निळा बी आणि हिरवट-पिवळा व्ही. एकाच फिल्टरमध्ये कितीही अचूक मोजलं तरी दोन तारे वेगळे होत नाहीत. दोघांतला फरक, म्हणजे बी उणे व्ही, हाच आपला रंगमापक. एकट्या लाल राक्षसी ताऱ्याचा तो १.५ ते १.६ च्या आसपास असतो. सहजीवी ताऱ्याचा उद्रेकात झरकन खाली येतो. झेड अँड्रोमेडीच्या मोठ्या उद्रेकात तो १ च्या खाली घसरतो, म्हणजे ठिपका तांबड्याकडून पांढऱ्याकडे सरकतो. लाल ताऱ्याचं स्वतःचं स्पंदन असं करत नाही. म्हणून तेज वाढलं आणि रंग जागचा हलला नाही, तर तो राक्षसी तारा. तेज वाढलं आणि रंग निळसर झाला, तर बटूच्या बाजूला काहीतरी घडलं आहे.

एक सावधगिरी, पुस्तकात चटकन न सापडणारी. आयनीभूत ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) रेषा व्ही फिल्टरच्या अगदी उताराच्या कडेवर पडते. दोन कंपन्यांच्या फिल्टरच्या कडा जराशा वेगळ्या असल्या की एकात ती रेषा जास्त शिरते, दुसऱ्यात कमी. साध्या ताऱ्यांवरून काढलेली रंग-दुरुस्ती इथे पुरी पडत नाही. म्हणून एका ताऱ्यासाठी साधन शक्यतो बदलू नका आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी ठरावीक फरक येत असेल तर तो आहे तसा नोंदवा, ओढूनताणून जुळवू नका.

सीएच सिग्नी सक्रिय असेल त्या काळात बी फिल्टरमध्ये मिनिटामिनिटाला छायाचित्रं घेत तासभर बसा. तेज काही मिनिटांत थरथरताना दिसेल. ही थरथर बटूभोवतीच्या चकतीची आहे. शंभर दिवसांच्या लयीतला महाकाय तारा इतक्या लवकर हलूच शकत नाही. थोड्याच सहजीवी ताऱ्यांत ती सापडते.

वर्णपट

माझ्या लेखी खरा आनंद इथे आहे. स्टार ॲनलायझर १०० नावाची एक जाळी मिळते. मिलिमीटरला शंभर रेघा आखलेली ही काच फिल्टरप्रमाणे कॅमेऱ्याच्या नळीत बसते. छायाचित्रात तारा ठिपका म्हणून उमटतो आणि शेजारी त्याचा वर्णपट पट्टी म्हणून. ठिपक्यापासूनचं अंतर म्हणजेच तरंगलांबी. पट्टी आखून घ्यायला आधी अभिजितचा वर्णपट घ्या. त्यातल्या हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक आणि त्यांच्या तरंगलांबी ठाऊक आहेत : ६५६३, ४८६१, ४३४० अँगस्ट्रॉम. त्याच मांडणीत मग आपला तारा.

पहिल्या प्रयत्नाला एजी पेगासी घ्या. या ताऱ्याचा उद्रेक १८५०च्या सुमाराला सुरू झाला, ९ व्या प्रतीवरून ६ व्या प्रतीवर यायला त्याला सुमारे वीस वर्षं लागली आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं तो उतरतच होता. २०१५मध्ये पुन्हा एक छोटा उद्रेक झाला. सध्याच्या त्याच्या तेजात हायड्रोजनची ६५६३ची रेषा इतकी जोरकस असते की साध्या जाळीतही पट्टीवर वेगळा उजळ गोळा उठून दिसतो. त्याच पट्टीत तांबड्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी काळे खळगे असतात, ते टायटॅनियम ऑक्साइडचे. असा रेणू फक्त थंड ताऱ्याच्या वातावरणात तग धरतो. खळगे एका ताऱ्याचे, उजळ गोळ्याला पेटवणारा दुसरा. एजी ड्रॅकोनिसनं सुरुवात करू नका, कारण त्यातला राक्षसी तारा के वर्गाचा, जरा गरम, आणि त्याचे खळगे या जाळीत कळत नाहीत.

यापुढे जायचं तर फटीचा वर्णपटलेखी लागतो, ॲल्पी ६०० च्या तोडीचा. त्यात झेड अँड्रोमेडी किंवा एजी ड्रॅकोनिस लावा आणि ६८२५ अँगस्ट्रॉमपाशी थांबा. तिथे एक रुंद, बुटका उंचवटा दिसतो. हा उंचवटा कित्येक दशकं कोणालाच उलगडत नव्हता. त्या जागी कोणत्याच ज्ञात अणूची रेषा बसत नव्हती. १९८९मध्ये हान्स मार्टिन श्मिड यांनी त्याचं उत्तर दिलं. बटूजवळ पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन १०३२ अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश सोडतो. तो राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यातल्या साध्या हायड्रोजनवर आदळतो आणि रामन विकिरणानं, म्हणजे विखुरताना ऊर्जेचा काही भाग गमावून, ६८२५ वर येऊन पडतो. १०३८ ची जोडरेषा तशीच ७०८२ वर येते. मुळातला अतिनील प्रकाश आपल्या वातावरणातून खाली पोचतच नाही, पण त्याचं हे रूपांतर अंगणातल्या दुर्बिणीत शिरतं. ऑक्सिजनची ती अवस्था यायला लाखाच्या घरातलं तापमान हवं आणि विकिरण घडायला थंड, अखंड हायड्रोजनचा मुबलक साठा हवा. दोघांपैकी एक जरी नसता तरी हा उंचवटा उठला नसता. दोन ताऱ्यांची एकत्र सही म्हणावी अशी ही खूण आहे आणि म्हणून पहिल्यांदा वर्णपटलेखी मिळाला की बाकी सगळं बाजूला ठेवून हीच पाहा. झेड अँड्रोमेडीच्या २००६च्या उद्रेकात बटूचा बाह्यभाग फुगून थंडावला, तेव्हा हा उंचवटा जवळजवळ मावळला होता. त्याची उंची नोंदत राहणं म्हणजे बटूच्या तापमानावर नजर ठेवणं.

टी कोरोना बोरिॲलिसची तयारी

हा तारा उत्तर मुकुटात, एप्सिलॉन कोरोना बोरिॲलिसच्या आग्नेयेला सुमारे १ अंशावर. एरवी १० व्या प्रतीचा. १२ मे १८६६ला तो २ ऱ्या प्रतीचा झाला, ९ फेब्रुवारी १९४६ला ३ ऱ्या प्रतीचा. मधलं अंतर ८० वर्षांचं. बटूवर साठत गेलेला हायड्रोजन एका मर्यादेला एकदम पेट घेतो. इथला बटू वस्तुमानात सोसता येईल त्या सीमेच्या जवळ आहे, म्हणून साठा लवकर पेटतो. १९४६च्या आधी वर्षभर तारा किंचित मंदावला होता आणि तसाच उतार २०२३मध्ये दिसला. म्हणून जगभर त्याच्यावर डोळे आहेत. तुम्ही सुरुवात कराल तेव्हा आधी एएव्हीएसओवरचा ताजा आलेख उघडून तारा कोणत्या अवस्थेत आहे ते पाहून घ्या.

तो शांत असेल तर रोज रात्री नुसत्या डोळ्यांनी मुकुटाची कमान पाहून घ्यायची सवय लावा. कमानीतला एकूण एक तारा तोंडपाठ हवा. नंतर बायनॉक्युलरनं एप्सिलॉनशेजारची जागा तपासा. १०×५०मध्ये १० व्या प्रतीचा तारा दिसत नाही, तेव्हा तिथे काही दिसलं नाही तर 'अमुक प्रतीपर्यंत दिसला नाही' अशी नोंद करा. न दिसल्याची नोंदही उद्रेकाची वेळ आवळत आणते.

उद्रेक दिसला तर पहिली गोष्ट, ग्रह किंवा लघुग्रह नाही याची खात्री नकाशावरून करा. दुसरी, वेळ मिनिटापर्यंत लिहा. तिसरी, लगेच कळवा, सकाळची वाट पाहू नका. याच जातीच्या आरएस ऑफियुकी या ताऱ्याचा ८ ऑगस्ट २०२१चा उद्रेक हौशी निरीक्षकांनी पहिल्याच रात्री कळवला आणि नामिबियातल्या हेस दुर्बिणींना व ला पाल्माच्या मॅजिकला त्यातून अति-उच्च ऊर्जेचे गॅमा किरण पकडता आले. नवताऱ्यातून, म्हणजे बटूवरचा साठा पेटून एकाएकी उजळलेल्या ताऱ्यातून, असे किरण मिळाल्याची ती पहिलीच वेळ. बटूवरून सुटलेला मलबा राक्षसी ताऱ्याच्या दाट वाऱ्यात घुसतो आणि त्या धडकेत कण प्रचंड वेग घेतात. हे पहिल्या दिवसांत घडतं, उशिरा वळलेल्या दुर्बिणीला ते सापडत नाही.

त्या रात्री दर अर्ध्या तासाला एक नोंद घ्या. जाळी असेल तर वर्णपटही घ्या. १८६६मध्ये विल्यम हगिन्स आणि विल्यम मिलर यांनी याच ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या उजळ रेषा पाहिल्या होत्या, आणि वर्णपट पाहिलेला तो पहिला नवतारा. नुसत्या डोळ्याला तारा आठवड्याभराच्या आसपासच टिकतो, त्यानंतर बायनॉक्युलर, त्यानंतर दुर्बीण, असं साधन बदलत जा आणि प्रत्येक बदलाच्या रात्री दोन्ही साधनांनी एकेक नोंद घ्या, म्हणजे सांधा जुळेल. १८६६ आणि १९४६ या दोन्ही वेळी मूळ तेजावर आल्यानंतर काही महिन्यांनी तारा पुन्हा ८ व्या प्रतीपर्यंत चढला होता. तेव्हा १० व्या प्रतीवर पोचला म्हणून नकाशा आवरू नका. पुढचं वर्षभर आठवड्याला दोन नोंदी चालू ठेवा आणि शक्य असेल तर त्या बी आणि व्ही दोन्ही फिल्टरमध्ये घ्या.